नुसतं 'नवीन' लिहू नये

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार पत्राच्या शेवटी घालीन, आधी माझी तक्रार ऐक.

तुला मागे सांगितलं होतं की नोकरी सांभाळून मी एका फुकटच्या कामात अडकले आहे. लहान हॉस्पिटलांना परवडेल अशी काचपेटी बनवायची, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी, आणि तिच्यातला प्रोग्राम ठिकठिकाणच्या हौशी माणसांनी मिळून लिहायचा. पगार कोणालाच नाही. मी स्वतः जन्मल्यावर दोन महिने काचपेटीत काढलेत म्हटल्यावर त्यांनी मला लगेच घेतलं.

तर या पेटीत एक खोड आहे. बाळाच्या अंगाला चिकटवलेली बारीक तार त्याचं तापमान सांगते आणि त्यावरून पेटी आपली ऊब कमी-जास्त करते. पण वीज जाऊन परत आली की पडद्यावर चार-पाच मिनिटं वीज जाण्याआधीचाच आकडा दिसत राहतो. बाळ गार पडलेलं असलं तरी पेटी म्हणते, सगळं छान. ही खोड नऊ वर्षं कोणाला धड काढता आली नव्हती. मी तीन रविवार बसले आणि अकरा ओळींत काढली. वीज आली की जुना आकडा विसरायचा, पडदा कोरा ठेवायचा, नवा आकडा मिळेपर्यंत थांबायचं. इतकंच.

अशा दुरुस्तीची छोटी फाइल पाठवतात, तिला पॅच म्हणतात. तू ठिगळ म्हण. अख्खा सदरा पाठवायचा नाही, फाटलंय तेवढ्यापुरतं ठिगळ पाठवायचं. मग मुख्य माणूस ते उलटसुलट बघतो आणि पटलं तर शिवून टाकतो. आमच्या मुख्य माणसाला सगळे दारवान म्हणतात. तो कुठे बसतो, वय काय, कोणाला ठाऊक नाही. मी ठिगळ पाठवलं. फाइलीचं नाव आधी 'शेवटचं' ठेवलं होतं, मग त्यात चूक सापडली म्हणून 'अगदी-शेवटचं' ठेवलं, मग कंटाळून सरळ 'नवीन'. दारवानाने फाइल उघडलीसुद्धा नाही. एका ओळीचं उत्तर आलं: नाव नियमाप्रमाणे ठेवून पुन्हा पाठवा.

नियम असा की आधी तक्रारीचा नंबर, मग त्या तक्रारीवर जी चर्चा चालू असते तिच्यात आपला निरोप कितवा तो आकडा, मग दोन-चार शब्दांत काय दुरुस्त केलं ते. म्हणजे माझ्या ठिगळाचं नाव (तुझ्यासाठी मराठीत) '८१२-६४-वीज-आल्यावर-जुना-आकडा'. घराला आग लागलीय आणि हा गृहस्थ विचारतोय बादलीवर नाव घातलंय का.

मीही काही कमी नाही. इथल्या एका हॉस्पिटलात यातली एक पेटी चाचणीसाठी ठेवली आहे आणि तिथला यंत्रदुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या हातात माझी 'नवीन' पेन ड्राइव्हवर देऊन आले. दारवान बसू दे नाव वाचत, तोवर माझं ठिगळ पेटीत चालायलाही लागलं असेल. माझी फाइल कोणती हे मला माहीत आहे ना, झालं तर.

बाकी मी मजेत. डावा कान नेहमीप्रमाणे रजेवर. ऑफिसात आता जागा अशी मिळाली आहे की डावीकडे भिंत, म्हणजे बोलणारे सगळे चालू कानाकडून येतात. तू मात्र दिवाणावर बसलीस की हमखास माझ्या डावीकडेच बसतेस आणि तुझं निम्मं बोलणं भिंतीला ऐकवतेस. इतकी वर्षं सांगून झालं, गाढवापुढे वाचली गीता.

नमस्कार.

तुझी
चिमूट


१३ फेब्रुवारी

चिमूट,

पत्र मिळालं. गाढव म्हणालीस ते या खेपेपुरतं सोडून दिलं आहे.

तुझा दारवान मला फार आवडला. माझ्या वॉर्डात असता तर मी त्याला स्वतः चहा करून दिला असता.

तुला माझ्या नोकरीतलं एक सांगते, जे मी घरात कधी फारसं बोलले नाही. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला नावच नसायचं. बाहेरच्या जगात माणूस आपलं नाव सांगत येतो. आमचा पाहुणा डोळे मिटलेला, आठशे ग्रॅमचा, आणि रडायलाही दम नसलेला. त्याचं मनगट माझ्या अंगठ्यापेक्षा बारीक. त्या मनगटावर आम्ही बोटभर कापडी पट्टी लावायचो आणि तिच्यावर लिहायचो: आईच्या खाटेचा नंबर, जन्माची वेळ मिनिटासकट, मुलगा की मुलगी, एकटं की जुळ्यातलं कितवं. '९, सकाळी ६:१०, मुलगा, जुळ्यातला दुसरा.' त्यात लाडाचं नाव नाही, घराण्याचं नाही. पण वॉर्डात आजच कामाला लागलेल्या मुलीने ती पट्टी वाचली तरी तिला कळायचं की हे बाळ कोणाचं, कधीचं, आणि याच्या आधी कोण आलं. एकतीस वर्षं मी पट्ट्या लिहिल्या आणि एकतीस वर्षं मला त्याचं नवल वाटत राहिलं. एवढासा जीव, आणि त्याचं औषध, दूध, आई, सगळं त्या बोटभर कापडावर विसंबून.

तुझी फाइल कोणती हे तुला माहीत आहे, म्हणतेस. असेल. पण तू घरी जाऊन पाय लांब करून बसशील तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असेल, आणि तुला विचारायला तू तिथे नसशील. पट्टी ही ड्यूटी संपवून गेलेल्या बाईच्या वतीने बोलते. 'नवीन' हा शब्द काय बोलणार? आजचं नवीन उद्या जुनं होतं, आणि शेजारच्या पेटीतलंही नवीनच असतं.

हे पत्र हातात पडेल त्या दिवशी जा आणि त्या दुरुस्तीवाल्याकडून ती 'नवीन' परत घे. उद्यावर टाकू नकोस. मी हात जोडून सांगते आहे असं समज, आणि मी कोणापुढे हात जोडणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. का, ते विचारू नकोस.

नळ अजून गळतोय. तुझ्या बापाला सांगितलं तर म्हणतो, बघतो. बघतोय तो लहानपणापासून.

आत्या


४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी व्हायचं ते होऊन गेलं होतं. इतके दिवस लिहिलं नाही कारण लाज वाटत होती. अजून वाटते आहे, पण आता लिहिते.

आधी हे वाच: पेटीत बाळ नव्हतं. चाचणीसाठी त्यांच्याकडे बाळाच्या वजनाची पाण्याची पिशवी असते, ती होती.

झालं असं. आमच्यात 'खारूताई' या टोपणनावाचा एक जण आहे. त्याने पडदा तपासायला एक खेळण्यातली फाइल केली होती, जिच्यात काहीही झालं तरी आकडा साडेछत्तीसच दिसतो. ती कामापुरती, फेकून द्यायची. त्यानेही ती दुरुस्तीवाल्याला दिली होती आणि नाव काय ठेवलं असेल? 'नवीन'. दुरुस्तीवाल्याने आपल्या कॉम्प्युटरवर एक ठेवली, दुसरी दुसऱ्या कप्प्यात ठेवली, आणि माझी समजून खारूताईची पेटीत घातली. सकाळभर पडदा सांगत होता साडेछत्तीस. तो माझ्यावर खूश होऊन मला कळवायलाही निघाला होता. पण त्याला एक खोड आहे, कुठलंही यंत्र सोडून जाताना तो त्याला हात लावून जातो. त्याने पिशवीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खोट्या आकड्यावर विसंबून पेटी ऊब देतच राहिली होती, पाणी एकोणचाळीसच्या वर गेलं होतं.

त्याने मला फोन करून हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. माझ्या अकरा ओळी बरोबर होत्या, आत्या. एक स्वल्पविरामही चुकला नव्हता. त्या पेटीपर्यंत पोचल्याच नाहीत.

मग मी ठिगळाला नीट नाव दिलं. पण चौसष्टावा निरोप लिहायचा तर आधीचे त्रेसष्ट वाचायला हवेत, म्हणून वाचायला बसले. मी आजवर नुसतं वरवर चाळलं होतं. त्या दिवशी मी एका जागेवरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उठले नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका नर्सने पहिला निरोप लिहिला होता: वीज आली, पडदा छान म्हणत होता, बाळाचे पाय गार होते. बाळ वाचलं, पण कृपया कोणीतरी बघा. ती तक्रार नंबर ८१२. चौथ्या निरोपात 'सुतार' नावाचा कोणीतरी पहिलं ठिगळ लावतो, '८१२-४-आकडा-पुसणे'. ते अर्धंच चालतं. नवव्यात एक बाई सांगते कुठे अडतं. अकराव्यात सुतार पुन्हा, '८१२-११-आकडा-पुसणे'. मग सुतार गप्प. पुढे काहीच नाही. दोन वर्षं, आत्या. नंतर 'दोन मांजरी' नावाची कोणी येते आणि तिचा पहिलाच निरोप असा: मी ८१२-११ पासून पुढे धरते. ती सुताराला ओळखत नाही, त्याने उत्तरही दिलं नाही, पण कुठलं टोक पकडायचं हे तिला एका आकड्यावरून कळलं. तिने चार ठिगळं लावली. तिच्या पाठीवर तिसऱ्याने, त्याच्या पाठीवर चौथ्याने. कोणी लिहितो की आता मला मूल झालं, वेळ नाही, ८१२-३८ चांगलं आहे, तिथून उचला. आणि कोणीतरी उचलतं. एकवीस ठिगळं. फसलेलं एकही कोणी पुसलेलं नाही. ते तिथेच आपल्या आकड्यासकट आहे, आणि पुढच्याने त्याच्यापुढचा आकडा घेतला आहे.

मी स्वतःला एकटीने नऊ वर्षांची खोड काढणारी समजत होते. माझ्या अकरा ओळींतल्या सहा तर 'दोन मांजरी'च्याच निघाल्या, मी त्या प्रोग्राममधून उचलल्या होत्या आणि त्या कोणाच्या ते बघितलंही नव्हतं. या माणसांची एकमेकांशी तोंडओळखही नाही. एकाच्या हातून सुटलेली दोरी दोन वर्षांनी दुसऱ्याच्या हातात बरोबर येते, ती फक्त फाइलीच्या नावामुळे. एवढं मोठं काही मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि ते एका कंटाळवाण्या यादीत होतं.

शेवटी मी चौसष्टावा निरोप लिहिला. त्यात 'नवीन'ची सगळी हकीकत लिहिली, माझ्या नावासकट. पासष्टावा खारूताईचा आला: दुसरी फाइल माझी होती, तिलाही नाव मीच ठेवलं होतं. दारवानाने कोणालाही काही ऐकवलं नाही. चौसष्ट तपासायला घेतो, एवढंच म्हणाला.

तुझं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हिला कसं कळलं? मग म्हटलं, जन्मभर वॉर्डात काढलेल्या सिस्टरला कळणारच. तुझ्या हातून असं कधी झालं नसेल.

तुझी
चिमूट


२३ मार्च

चिमूट,

तुझ्या शेवटच्या ओळीला उत्तर द्यायला मला एकोणीस दिवस लागले. खरं तर सत्तावीस वर्षं लागली.

माझ्या हातून झालं आहे. ते तुझ्याच बाबतीत झालं.

तू जन्मलीस तेव्हा माझी ड्यूटी होती. सातव्या महिन्यात, भर दुपारी. तुझी आई आत होती, तुझा बाप जिन्यात उभा होता, आणि डॉक्टरांनी तुला माझ्या हातात दिलं. नऊशे दहा ग्रॅम. मी तोवर शेकड्यांनी बाळं हातात घेतली होती, पण तू माझ्या भावाची मुलगी. माझा हात थरथरला. तुला पेटीत ठेवलं, इंजेक्शन दिलं, पट्टी लिहायला घेतली, आणि खाटेचा नंबर, वेळ, काही लिहिलं नाही. 'नवीन मुलगी' लिहिलं आणि लावलं. मला वाटलं हिला काय पट्टीची गरज, हिला तर मी हजारात ओळखीन. आपला तो बाब्या. बाकीच्यांना नियम, माझ्या चिमटीला नाही.

दोन वाजता ड्यूटी बदलली. माझ्या जागी उंच सिस्टर आली, आम्ही तिला तसंच म्हणायचो. मी धावत तुझ्या बापाकडे गेले, मुलगी झाली म्हणून सांगायला. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून अजून एक मुलगी आली, तुझ्याहून पुष्कळ मोठी. तिच्या कागदावर लिहिलेलं होतं: नवीन मुलगी, इंजेक्शन द्यायचं आहे. उंच सिस्टरने पट्ट्या वाचत वाचत 'नवीन मुलगी' शोधली. ती तुझ्या मनगटावर सापडली. तिने तुला दिलं. तुला एकदा मिळालं होतं, वर हा मोठ्या बाळाचा डोस. त्या औषधाचं जास्त झालं की ते कानावर जातं. तुझ्या कानाचं त्यामुळेच झालं असं डॉक्टर कधी ठामपणे म्हणाले नाहीत. दिवस न भरलेल्या बाळांचे कान नाजूक असतात, असंही होऊ शकतं, म्हणाले. तुझ्या आईबापाला त्यांनी तेवढंच सांगितलं. मी ठामपणे म्हणते.

याहून वाईट पुढे आहे. मोठ्या सिस्टरबाईंनी चौकशी केली तेव्हा उंच सिस्टरला विचारलं, वेळ आणि खाट न बघता तू दिलंस कसं? ती म्हणाली, पट्टीवर नव्हतंच. त्यांनी विचारलं, पट्टी कुठे आहे? पट्टी माझ्या खिशात होती. मी तोवर तुझ्या हातावर नवी, नीट लिहिलेली लावली होती. मी समोर उभी होते आणि गप्प बसले. उंच सिस्टरची बदली झाली. आम्ही एकमेकींशी पुन्हा बोललो नाही.

तू म्हणतेस मी नेहमी तुझ्या डावीकडे बसते. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून बसते. बोलता बोलता मध्येच मी तुला माफ कर म्हणते. रोज नाही, पण पुष्कळदा. तुला ऐकू येणार नाही त्या बाजूने म्हणायला सोपं जातं. तू समजायचीस मी भिंतीशी बोलते.

पट्टी सोबत पाठवते आहे. इतकी वर्षं सुयादोऱ्याच्या डब्यात होती. माफी मागत नाही, मला तसा हक्क नाही. तू चौसष्टाव्या निरोपात तुझं नाव लिहिलंस हे वाचल्यावर मला माझ्या घरात धड बसवेना, म्हणून लिहिलं.

आत्या


३ एप्रिल

आत्या,

पत्र आणि पट्टी दोन्ही पोचलं.

मला खूप राग आला आहे. कानाचा थोडा आहे. डावीकडे बसण्याचा जास्त आहे. आत्ता अजून काही लिहिता येत नाही.

फक्त हे कळव. त्या पट्टीवर काय लिहायला हवं होतं?


९ एप्रिल

चिमूट,

१४, दुपारी १२:४०, मुलगी, एकटी.

लिहिणारी: मी. देणारी: उंच सिस्टर, चुकलेली पट्टी वाचून.

उंच सिस्टरचा पत्ता दोन ठिकाणी विचारून मिळवला. ती मुलाकडे असते. तिलाही हे सगळं लिहून टाकलं आहे. मोठ्या सिस्टरबाई आता नाहीत, नाहीतर त्यांनाही लिहिलं असतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आत्या


१७ जून

प्रिय आत्या,

अडीच महिने झाले. या दिवसांत मी तुला मनातल्या मनात निदान वीस पत्रं लिहिली आणि त्यातली पहिली दहा तुला वाचवली नसती. ऑफिसात डावीकडच्या भिंतीकडे बघितलं की तू दिसायचीस. मग राग यायचा, मग तुझी आठवण यायची, मग आठवण आली म्हणून पुन्हा राग. आई म्हणाली, आत्याचं पत्र नाही बरेच दिवस. मी म्हटलं, टपाल गहाळ झालं असेल. म्हणजे खोटं बोलायची पाळी माझ्यावर आली.

आता परवाचं सांगते, पण त्याच्या आधीचं थोडं.

आपलं ठिगळ लागलं. 'माझं' लिहून खोडलं, दिसतंच आहे तुला. चौसष्टमध्ये दारवानाने एक भोक दाखवलं, ते मी सहासष्टमध्ये बुजवलं, खारूताईने एकोणसत्तरमध्ये त्याची चाचणी लिहिली, आणि '८१२-७१' सदऱ्याला कायमचं शिवलं गेलं. सोबतच्या नोंदीत नऊ जणांची नावं आहेत, सुताराचंही आहे. गंमत म्हणजे दोन दिवसांनी बहात्तरावा निरोप आला, नऊ वर्षांनी, सुताराचा. 'पाहिलं. धन्यवाद.' बस. मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही.

त्यानंतर पेटी खऱ्या वॉर्डात गेली, आणि परवा दुरुस्तीवाल्याने मला बघायला बोलावलं. पांढरा झगा, डोक्याला टोपी, हात कोपरापर्यंत धुवून. पेटीत एक मुलगा होता. एक हजार पन्नास ग्रॅम. मी फोटो पाहिले होते, आकडे वाचले होते, माझी स्वतःची गोष्ट हजारदा ऐकली होती, पण इतकं लहान माणूस मी पाहिलं नव्हतं. कातडीखालून त्याचा श्वास दिसत होता. मी उजवा कान काचेजवळ नेला तर आतला पंखा ऐकू आला. मी इतकी कशानेच कधी दबून गेले नव्हते. आपण सगळे एकदा एवढे होतो आणि कोणीतरी आपल्याला एका हातातून दुसऱ्या हातात दिलं, यावर विश्वास बसत नव्हता.

आणि तेवढ्यात दिवे गेले.

चार-पाच सेकंदंच. मग जनरेटर सुरू झाला, दिवे आले आणि पेटीचा पडदा कोरा. साडेछत्तीस नाही, कुठलाच आकडा नाही. पेटी सांगत होती की मला अजून माहीत नाही. तिथली सिस्टर काही न बोलता आली, तिने झरोक्यातून हात आत घातला आणि बाळाच्या तळपायाला लावून उभी राहिली. पडदा कोरा आहे म्हणूनच ती आली, आत्या. आकडा दिसला असता तर ती दुसऱ्या पेटीकडे गेली असती. चाळीस सेकंदांनी छत्तीस पूर्णांक दोन आलं. तिने हात काढला आणि पुढे गेली. तिला ८१२ ठाऊक नाही, आम्ही कोणी ठाऊक नाही. मी रडत होते, तिने मला बाजूला हो म्हणून सांगितलं.

बाजूला होताना मला बाळाचं मनगट दिसलं. पट्टीवर लिहिलं होतं: '६, सकाळी ११:२५, मुलगा, एकटा.' अक्षर इतकं नीट की वाटलं तूच लिहिलं आहेस. आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या दुपारी तुझा हात का थरथरला. मी असते तर माझाही थरथरला असता, आणि मीही 'नवीन' लिहिलं असतं. मी तर लिहिलंच. माझ्या वेळी पेटीत पाण्याची पिशवी होती, एवढाच तुझ्या-माझ्यात फरक, आणि तो माझ्या हुशारीने पडलेला नाही.

उंच सिस्टरचा निरोप आला का ते कळव. आला नसेल तर पुन्हा लिही. आमच्याकडे दोन-दोन वर्षांनी उत्तरं येतात. आईबाबांना मात्र तू स्वतः सांगायचं. ज्याची फाइल त्याने पाठवायची. बाबा बघतो म्हणतील, त्यांना बघू दे.

पट्टी परत पाठवते आहे. पुढची बाजू पुसलेली नाही, 'नवीन मुलगी' तशीच आहे, तुझ्या थरथरत्या अक्षरात. चुकलेलं आमच्यात पुसत नाहीत, त्याच्यापुढचा आकडा घेतात. मागच्या बाजूला मी बारीक पेनाने लिहिलं आहे: '१४, दुपारी १२:४०, मुलगी, एकटी.' आता डब्यात ठेवू नकोस, समोर ठेव.

पुढच्या आठवड्यात ये. नळ मी दुरुस्त करवून देते. आलीस की दिवाणावर माझ्या उजवीकडे बसायचं, आणि इतकी वर्षं भिंतीला जे सांगत होतीस ते मला एकदा सांगायचं. मला ते ऐकायचं आहे.

तुझी
चिमूट